मदत हवी आहे: रात्रीचं जागरण दोघांत कसं वाटावं?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीजवळच्या एका शाळेत गणित शिकवते, वय ४४. गेल्या दिवाळीनंतर सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. दहा ते दोन मी जागते, पुढे हे. म्हणजे माझी झोप दोन ते सहा.

मागच्या आठवड्यात फळ्यावर वर्गत्रिपदीचे अवयव पाडताना मधलं पद कसं फोडायचं तेच सुचेना. अठरा वर्षं शिकवतेय मी हे. मुलं गप्प बसून बघत होती. त्याच रात्री मामंजींना रक्तदाबाची गोळी दिली की नाही, हे काही केल्या आठवेना, आणि मग मात्र मी घाबरले. आता गोळी दिली की लगेच कॅलेंडरवर खूण करते. बी-१२, थायरॉइड दोन्ही ठीक आलंय. डॉक्टर म्हणाले झोप सुधारा. कशी, ते माझं मलाच शोधायचंय.

म्हणून वाचायला लागले. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत तेव्हा असलेल्या सुमंत्र चॅटर्जी यांच्या गटाचं काम वाचलं, आणि ते डोक्यातून जात नाहीये. २००२ साली त्यांनी दाखवलं की उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवलं तर हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे आठवणी रुजवणाऱ्या भागातल्या पेशींच्या फांद्या आखडतात. आणि भीती सांभाळणाऱ्या अमिग्डालात त्याच ताणाने फांद्या उलट वाढतात! नंतर २१ दिवस निवांत ठेवल्यावर हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला, अमिग्डाला झाला नाही. उंदरांची भीतीही तशीच राहिली.

माणसाचा मेंदू उंदराचा नाही, हे कळतं मला. पण हल्ली दाराची बेल वाजली तरी छातीत धस्स होतं. विसरणं उद्या थांबेलही, हे धस्स होणं थांबेल का? ज्यांनी घरी दीर्घ आजारपण काढलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

आता मुख्य प्रश्न. यान बॉर्न या जर्मन संशोधकाच्या १९९७च्या प्रयोगात शब्दांच्या जोड्या पाठ करणाऱ्यांना रात्रीच्या पूर्वार्धातल्या झोपेचा जास्त फायदा झाला. त्या वेळी गाढ झोप जास्त असते आणि कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सगळ्यात कमी. पहाटेकडे कॉर्टिसॉल चढत जातं. मग मी दहा ते दोन झोपावं का? पण गाढ झोप मुख्यतः आपण किती वेळ जागे होतो यावर ठरते, म्हणजे दोनला पडले तरी आधी तीच यायला हवी. कॉर्टिसॉल मात्र बरंचसं अंगातल्या घड्याळाप्रमाणे चालतं. या दोन्हींत माझ्यासारखीच्या विसरण्याला जास्त कारण कुठलं? इथे झोपेवर काम करणारं कुणी असेल तर कृपया समजावा.

पाळी उलटी करायला हे तयार आहेत. मीच अडले आहे. हे कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर असतात, सकाळी सातची पाळी. माझी आठवण सुधारावी म्हणून यांची बोटं धोक्यात घालायची का?

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. हवेची गादी आणली आहे, तरी कूस बदलायला डॉक्टरांनी सांगितलंच आहे. रात्रीच्या बाईंचं विचारलं, रोज परवडणार नाही. पण शुक्रवार-शनिवार दोन रात्री जमतील, एवढं दोघांनी बसून ठरवलं. त्या रात्री सलग सात तास झोपू. राहिलेल्या पाच रात्रींचं काय? एका ताईंनी दर दोन दिवसांनी पाळ्या बदला असं सुचवलंय, पण अशी सारखी वेळ बदलली तर अंगातलं घड्याळ आणखी बिघडणार नाही का? आणि शाळेत मधल्या सुट्टीत मला २५ मिनिटं मिळतात. तेवढ्यात बाकावर डोकं टेकलं तर उपयोग होतो, की उठल्यावर आणखी जड वाटतं? कुणी करून पाहिलं असेल तर नक्की लिहा.