परदेशात रात्री उतरलात तर हॉटेलची गाडी की रांगेतली टॅक्सी?

सांखळीकरीण:
मत आधी सांगते, मग हवं तेवढं भांडा. अनोळखी देशात रात्री उतरायचं असेल आणि सोबत वयस्क माणूस असेल, तर हॉटेलकडूनच गाडी मागवावी. दुप्पट पैसे गेले तरी जाऊ देत.

गेल्या वर्षी आईला घेऊन बँकॉकला गेले. आई ६८ वर्षांची, गुडघे दुखरे. सुवर्णभूमी विमानतळावरून रेल्वेने फाया थाय स्टेशनपर्यंत जायचं आणि तिथून टॅक्सी धरायची, असं सगळं वहीत लिहून नेलं होतं. मुंबईहून विमानच दोन तास उशिरा सुटलं. इमिग्रेशनमधून बाहेर पडेपर्यंत दीड वाजला. रेल्वे मध्यरात्रीच बंद झालेली. फोन चालत नव्हता, जवळ हजार बाथच्या नोटा. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस पुढे आला. ‘मॅडम, टॅक्सी, ऑफिशियल.’ हातात प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला दरांचा तक्ता. आईला कधी एकदा बसते असं झालं होतं. त्याने आम्हाला लिफ्टने कुठेतरी वर नेलं आणि एका साध्या खासगी गाडीत बसवलं. मीटर नाही. हमरस्त्याला लागल्यावर म्हणाला, १८०० बाथ. तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं, तर खरंच तसं छापलेलं.

त्याने काही वाईट केलं नाही, हॉटेलच्या दारात सोडलं. पण तेवढा वेळ आईने पर्सचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. मी बाहेरच्या पाट्या बघत होते, आणि थाई अक्षर काही ओळखता येत नव्हतं. आता मला सांगा, हॉटेलची गाडी असती तर हे झालं असतं का?

कुर्टीचा काका:
ताई, वाचून वाईट वाटलं, पण निदान चुकलं. तुम्ही टॅक्सीच्या रांगेत गेलातच नाही, मग रांगेला दोष कसा? सुवर्णभूमीला आपण बाहेर येतो तो दुसरा मजला. एक मजला खाली उतरलं की दाराबाहेर यंत्रं आहेत. बटण दाबायचं, चिठ्ठी येते, तिच्यावर लेनचा नंबर असतो. त्या नंबरखाली उभी असलेली गाडी आपली. मीटरप्रमाणे भाडं, वर विमानतळाचे ५० बाथ, आणि एक्स्प्रेसवेचा टोल आपल्या खिशातून. मी शहरातल्या सुखुमवित भागात दोनदा गेलो, दोन्ही वेळा टोल धरून चारशेच्या आसपास झाले. ती चिठ्ठी मात्र ड्रायव्हरने मागितली तरी द्यायची नाही. काही बिनसलं तर तक्रारीला तोच पुरावा.

हॉटेलच्या गाडीला तुम्ही १२०० द्याल. आठशे बाथ म्हणजे आईंचं दोन वेळचं उत्तम जेवण.

सांखळीकरीण:
काका, एक मजला खाली जायचं हे मला आज कळतंय, घरी खुर्चीत बसून. रात्री दीडला दोन बॅगा आणि आई सांभाळताना ‘टॅक्सी’ म्हणणाऱ्याच्या मागे कोण जात नाही?

मडगावकर ३:
आगाऊ गाडीवर एवढा भरवसा नको. रोमला आम्ही घरूनच एका वेबसाइटवर गाडी बुक केली होती, पैसेही भरून झालेले. फ्युमिचिनो विमानतळावर इमिग्रेशनची रांग वळसे घेत गेली होती, दीड तास मोडला. बाहेर आमच्या नावाची पाटीच नाही. फोन केला तर म्हणे, फुकट थांबायचा तास विमान टेकल्यापासून मोजतात, ड्रायव्हर गेला. बुकिंगच्या अटींत ते लिहिलेलं होतं हे खरं, पण अटी कोण वाचतं? पैसे बुडाले ते बुडालेच. शेवटी लिओनार्दो एक्स्प्रेस धरली. ३२ मिनिटांत तेर्मिनी स्टेशन, मध्ये कुठे थांबा नाही. तिकीट १४ युरो. हॉटेल स्टेशनला लागून होतं म्हणून निभावलं. बायको अजून म्हणते, आधी स्टेशन बघायचं आणि मग हॉटेल.

पेडण्याचो टॅक्सीकार:
मी गोव्यातल्या मोपा विमानतळावर टॅक्सी चालवतो, २०२३च्या जानेवारीत विमानं सुरू झाली तेव्हापासून. आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. रांगेतला ड्रायव्हर गाडी सोडून आत गिऱ्हाईक शोधायला जाऊच शकत नाही. गेला तर त्याचा नंबर जातो, मागचे शिव्या घालतात. म्हणजे आत येऊन तुमच्या ट्रॉलीला हात लावणारा रांगेतला नाही, एवढं तिथेच ओळखायचं. ओळखपत्र पन्नास रुपयांत छापून मिळतं.

दुसरं नावाच्या पाटीचं. पाटी धरणाऱ्याला आपण होऊन ‘मीच तो नाईक’ म्हणायचं नाही. पाटीवरचं नाव दुसरा कोणीही वाचू शकतो आणि दोन पावलं पुढे येऊन ‘नाईक सर?’ म्हणू शकतो. हॉटेल कुठलं आणि बुकिंग कोणत्या नावावर, ते त्यानेच सांगायचं. आपण फक्त ऐकायचं. माझ्याकडे एक जर्मन बाई यायची, ती दर वेळी हे विचारायची. पहिल्यांदा मला राग आला होता.

दोनापावलाहून:
मोपाच्या टॅक्सीवाल्याने प्रामाणिकपणाचे धडे द्यावेत, हे ऐकायचं बाकी होतं! गोव्यात ओला-उबरला पाय ठेवू देत नाही, मीटरवरून वर्षानुवर्षं वाद, आणि परदेशी कसं वागायचं ते आम्हाला शिकवणार.

पेडण्याचो टॅक्सीकार:
पात्रांव, मीटरचं भांडण वेगळं काढा, तिथे येतो. पण एक सांगा. पॅरिसला शार्ल द गोल विमानतळावरून शहरात यायला टॅक्सीचं भाडं सरकारनेच ठरवून दिलंय. सेन नदीच्या उजव्या काठाला ५६ युरो, डाव्या काठाला ६५. माझ्या गाडीत बसलेले पर्यटकच कौतुकाने सांगतात, किती सोयीचं म्हणून. तेच इथे प्रीपेड काउंटरवर ठरलेलं भाडं सांगितलं की लूट! मोपाहून मडगावला सोडून मी परत रिकामा येतो, ते कोण मोजणार?

दोनापावलाहून:
तिथे बारा महिने तोच आकडा असतो आणि तो आधी वाचता येतो. फरक तो आहे.

(पुढची नऊ उत्तरं मीटरवरच गेली, ती सोडून वाचा. मीही सोडली. – सांखळीकरीण)

देअराहून:
दुबईत अकरा वर्षं आहे, मूळ डिचोलीचा. इथे बाहेर रांगेत उभं राहायचं आणि समोर येईल ती टॅक्सी घ्यायची, विषय संपला. विमानतळावरून मीटर २५ दिरहमपासून सुरू होतो, शहरातल्यापेक्षा जास्त, तेव्हा पहिलाच आकडा बघून वाद घालू नका. गुलाबी टपाच्या गाड्या बायका चालवतात, बायका आणि कुटुंबांसाठी. माझ्या बहिणीला मी तीच घ्यायला सांगतो. मेट्रो टर्मिनल १ आणि ३ ला आहे, पण रात्री बंद, आणि बॅगांना मर्यादा आहे. गावाहून येणारे काजू, सोलं, खाजे मिळून तीन खोकी आणतात, त्यांनी मेट्रोचं नाव काढू नये.

लंडनला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, काळी कॅब रांगेतून घेता येते. साध्या गाडीचा मिनीकॅबवाला मात्र आगाऊ बुकिंगशिवाय गिऱ्हाईक घेऊच शकत नाही, कायदाच तसा आहे. आत येऊन विचारणारा गोड बोलला तरी बेकायदाच.

वास्कोची एकटी:
मी एकटी फिरते, आणि मला सर्वांत कमी भरवसा हॉटेलच्या गाडीचा वाटतो. कुणी रागावू नका. हॉटेलची गाडी म्हणजे बहुतेक ठिकाणी रिसेप्शनवरच्या माणसाच्या ओळखीतल्या कुणाची तरी खासगी गाडी. वर टॅक्सीची पाटी नाही, मीटर नाही, कुठे नोंद नाही. ॲपच्या गाडीचा नंबर मला आधी दिसतो, घरी पाठवता येतो, गाडी कुठून कुठे चाललीय ते दादा इकडे वास्कोत बसून बघतो. ई-सिम घरीच टाकून घेते, विमान टेकलं की चालू. ताई, तुमची खरी अडचण बंद फोनची होती.

बसण्याआधी मागचं दार एकदा आतून उघडून बघते. चाइल्ड लॉक लावलेला असेल तर सरळ काढायला सांगते. आणि पासपोर्टची पिशवी मांडीवर, डिकीत कधीच नाही.

कुर्टीचा काका:
ह्या मुलीचं बरोबर आहे.

सांखळीकरीण:
मुलीचं बरोबर आहे, फोनचं मान्य. काकांचं चिठ्ठीचंही मान्य, तेवढा अभ्यास मी करायला हवा होता. पण हॉटेलच्या गाडीत मला पैसे किंवा पाटी यापेक्षा वेगळं काही मिळतं, ते कुणी बोललं नाही. आम्ही दोनपर्यंत पोचलो नाही तर तिथे कुणाला तरी कळतं. त्या रात्री आम्ही कुठल्या गाडीत आहोत हे जगात एकालाही माहीत नव्हतं. सांखळीत बाबा झोपले होते. नऊशे बाथ असोत की बाराशे, मी त्याचे देईन.

पाटीवरच्या नावाचं टॅक्सीकार बाबनी सांगितलं ते मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. ते आईला शिकवून ठेवते. मीच गडबडीत नाव सांगून मोकळी होईन, आई नाही सांगायची.

आता पुढचं. मे महिन्यात आईला घेऊन लिस्बनला जातेय, मामेभाऊ तिथे आहे पण त्याची रात्रपाळी. विमान रात्री ११.४० ला उतरतं, हॉटेल तिथल्या आल्फामा भागात. कुणी गेलंय?

मडगावकर ३:
लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे, मेट्रोची लाल लाइन थेट तिथून सुटते. पण मेट्रो रात्री एकला बंद होते आणि लाइन बदलावी लागते. ११.४० ला उतरून आईंना घेऊन ती धरायची म्हणजे पुन्हा बँकॉकच. टॅक्सी घ्या.

कुर्टीचा काका:
रांगेतली घ्या, मीटर सुरू केला का बघा. डिकीत बॅग ठेवली तर थोडे जादा लावतात, ते नियमातलं आहे.

वास्कोची एकटी:
ताई, आल्फामाचं वेगळं आहे. मी राहिलेय. गल्ल्या इतक्या अरुंद आणि उतरंडीच्या की बऱ्याच हॉटेलांच्या दारापर्यंत कुठलीच गाडी जात नाही, टॅक्सी नाही, ॲपची नाही आणि हॉटेलचीही नाही. खाली चौकात सोडतात, पुढे दगडी पायऱ्या. मी ५४ मोजल्या होत्या, बॅग डोक्यावर घेऊन.

सांखळीकरीण:
देवा! आईच्या गुडघ्यांना ५४ पायऱ्या, तेही रात्री बाराला.

आत्ताच हॉटेलला मेल टाकते. गाडीचं नंतर, आधी दारापर्यंत किती पायऱ्या आणि बॅगा उचलायला रात्री माणूस असतो का, एवढं विचारते. नसेल तर बुकिंग रद्द करायला अजून अकरा दिवस आहेत. खालच्या सपाट भागातलं एखादं माहीत असेल तर सांगून ठेवा.