विज्ञान दिनाला टेस्ला : भाषणाऐवजी काय दाखवता येईल?

झेडपी_मास्तर (औसा)
28 फेब्रुवारीला सातवी-आठवीच्या पोरांसमोर निकोला टेस्ला या शोधकावर बोलायचंय. 1900 साली त्यानं एका अमेरिकी मासिकात लांबलचक लेख लिहून माणसाच्या प्रगतीचं गणितच मांडलं होतं : माणसांचं वस्तुमान वाढवा, त्यांना मागं ओढणारं बल कमी करा, पुढं ढकलणारं वाढवा. हे पोरांच्या डोक्यावरून जाणार. पण घरोघरी विहिरीवर त्याचीच मोटार आहे. ती ज्यावर चालते ते फिरतं चुंबकीय क्षेत्र वर्गात, लाईट न वापरता दाखवता येईल का? आणि हे सगळं त्यानं एकट्यानं शोधलं, हे कितपत खरं?

प्रयोगवही (नांदेड)
येतं, सर. फ्रेंच शास्त्रज्ञ आरागोनं 1824 मध्येच याची मूळ गंमत पाहिली होती. डब्याचं अ‍ॅल्युमिनियमचं चपटं झाकण घ्या, 10-12 सेंटीमीटरचं. आधी चुंबक लावून बघा. चिकटलं तर ते पत्र्याचं आहे, बाजूला ठेवा. मधोमध खिळ्यानं बारीक खोलगा पाडा, भोक नको, आणि झाकण सुईच्या टोकावर तोला.

खराब स्पीकरमधली दोन सारखी चुंबकं लाकडी पट्टीच्या दोन टोकांना नट-बोल्टनं आवळा. एकाचं उत्तर तोंड वर, दुसऱ्याचं दक्षिण. पट्टी हाताच्या गिरमिटात बसवून झाकणाखाली फिरवा, अंतर 5 ते 8 मिलिमीटर. मध्ये पुठ्ठा आडवा धरायचाच, नाहीतर एखादं पोरगं म्हणेल "वाऱ्यानं फिरलं", आणि ते बरोबरही असेल.

झाकण हललंच नाही तर बहुतेक अंतर जास्त असतं नाहीतर गिरमिट हळू. नंतर त्याच झाकणाला कडेपासून आतपर्यंत सात-आठ चिरा द्या. आता ते रडतखडत फिरतं, कारण चुंबक फिरलं की झाकणात वीज वाहते आणि तीच त्याला ओढते; चिरांनी त्या प्रवाहाच्या वाटाच तुटल्या.

झाकणावर कुंकवाचा ठिपका द्या. ते चुंबकाच्या मागंच राहतं. बरोबरीनं फिरलं तर चुंबक त्याच्यापुरतं थांबलेलंच झालं; मग प्रवाह नाही, जोर नाही. आता मोटारीची पाटी वाचायला लावा : दोन पोलच्या मोटारीचं क्षेत्र मिनिटाला 3000 फेरे घेतं, पाटीवर असतात 2880 च्या आसपास. ही चार टक्क्यांची पिछाडी म्हणजे स्लिप.

वाइंडर (परळी)
वर्गात थ्री फेज नेऊ नका. पोरांनाच रिवाइंडिंगच्या दुकानात न्या. रोटर (आतला फिरणारा भाग) काढलेल्या स्टेटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या कॉइलींच्या स्थिर भागात, बेअरिंगची गोळी टाकतात आणि डिमरस्टॅटवरून (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या यंत्रावरून) 40-50 व्होल्ट देतात. गोळी आतल्या गोलाईवर गरगर पळते. एखादी कॉइल उलटी जोडली असेल तर अडखळते नाहीतर जागेवर थरथरते. दोन फेजच्या तारा अदलाबदल केल्या की उलटी पळते. पंप उलटा फिरून पाणी कमी फेकतो तो याच कारणानं. दहा-पंधरा सेकंदांत बंद करायचं. रोटर नसला की चुंबकाच्या वाटेत मोठी पोकळी पडते आणि करंट बेसुमार ओढला जातो. पूर्ण 415 व्होल्ट दिले तर थेट धूर.

जळालेली मोटारही दाखवा, यातून जास्त शिकता येतं. डीपीवर मोटारीकडं येणाऱ्या एका फेजचा फ्यूज उडाला तरी चालती मोटार थांबत नाही. उरलेल्या दोन तारांवर करंट जवळपास पावणेदोन पट होतो. स्टार जोडणीत (तिन्ही कॉइलींची टोकं एकत्र बांधलेली) दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि एक कोरी, डेल्टात (कॉइली त्रिकोणात जोडलेल्या) एक काळी आणि दोन कोऱ्या. कॉइल बघूनच कळतं की फेज गेला होता. सिंगल फेज प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटार बंद करणारं यंत्र) बायपास करून ऑटोवर, म्हणजे लाईट आली की आपोआप सुरू होईल अशी, सोडलेल्या मोटारीचं हेच होतं.

जुनी_पानं (अंबाजोगाई)
"त्याचीच मोटार" हे अर्धंच खरं. इटलीत ट्युरिनच्या फेरारिस या शास्त्रज्ञानं 1885 मध्ये स्वतंत्रपणे असं क्षेत्र फिरवून दाखवलं आणि मार्च 1888 मध्ये छापलं. टेस्लाची पेटंटं 1 मे 1888 ची. फेरारिसनं हिशोब केला की निम्म्याहून जास्त ताकद मिळणारच नाही, म्हणून धंद्याच्या दृष्टीनं विषय सोडून दिला. टेस्लानं सोडला नाही, माझ्या मते खरा फरक तिथंच पडला. त्याच्या मोटारी मुख्यतः दोन फेजच्या होत्या. तुमच्या विहिरीवरची थ्री फेज, पिंजऱ्याच्या रोटरची मोटार 1889 मध्ये जर्मनीत डोलिवो-डोब्रोवोल्स्की या इंजिनिअरनं केली. तेव्हा श्रेय वाटून द्या.

त्या लेखातली एक गोष्ट मात्र पोरांना लगेच कळेल. विजेच्या ठिणगीनं हवेतला नायट्रोजन धरून खत करावं, असं टेस्लानं लिहिलं होतं. दिशा बरोबर होती, पण त्या वाटेनं वीज अफाट लागते. शेवटी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायची हाबर-बॉश पद्धत टिकली, 1913 पासून कारखान्यात. युरियाची रिकामी गोणी वर्गात न्या : 45 किलो, 46 टक्के, म्हणजे 20.7 किलो नायट्रोजन, सगळा हवेतला.

झेडपी_मास्तर
आभारी आहे. पोरं "बिनतारेची वीज का नाही आली?" हे विचारणारच.

प्रयोगवही
बिनतारेची वीज पाठवायला बांधलेल्या त्याच्या अमेरिकेतल्या वॉर्डनक्लिफच्या मनोऱ्याचं काम 1901 मध्ये सुरू झालं, पैसा आटला, 1917 मध्ये तो पाडला. जवळच्या जवळ वीज जाते, अंतर वाढलं की भराभर निसटते. कुणाकडं मोबाईलचा वायरलेस चार्जर असेल तर फोनखाली वहीची पानं थोडी-थोडी सरकवत जा. पूर्ण दोनशे पानी वही जायच्या आतच बहुधा चार्जिंग थांबतं.