कांदोंब्लेत ट्रान्स माणसांना खरंच दार मोकळं आहे का?

मेधा: काल इथे कोणी लिहिलं, "ब्राझीलच्या कांदोंब्लेत, म्हणजे आफ्रिकी गुलामांनी तिथे जपलेल्या धर्मात, लोगुन एदे हा देव सहा महिने पुरुष, सहा महिने स्त्री. त्यामुळे ट्रान्स माणसांना तिथे त्रासच नाही." वाचून झोप उडाली. ब्राझीलमधल्या साल्व्हादोरला मी तीन वर्षं काढली. शेजारीण ट्रान्स बाई. तिच्या तेरेइरोत, म्हणजे कांदोंब्लेच्या पूजाघरात, तिला घागरा नाकारला. पँट घाल नाहीतर बाहेर बस, म्हणाले. ती दोन वर्षं बाहेरच्या बाकावर बसून ढोल ऐकायची.

अनंत: एका घरावरून सगळ्यांना नावं ठेवू नका. प्रत्येक तेरेइरो स्वतंत्र, वर कुणी पोप नाही. दीक्षा घेणारा पुरुष असला तरी त्याला 'इयाओ'च म्हणतात, म्हणजे योरुबा या पश्चिम आफ्रिकेतल्या भाषेत नवरी. तिकडे नायजेरियातल्या ओयोत शांगो देवाचे पुरुष पुजारी वेण्या घालतात.

मेधा: नवरी म्हणता, मग घागरा का देत नाही?

रेवा: ढोलाचं निघालंच आहे तर ऐका. मी जन्मानं बाई, तिथे तालवाद्य शिकायला गेले होते. आताबाकेला, म्हणजे पूजेतल्या ढोलाला, हात लावू दिला नाही. पाळीचं कारण! वाजवणार ओगां, म्हणजे पुरुष. बायकांनी एकेदी व्हायचं, अंगात आलेल्यांना सांभाळायचं, घाम पुसायचा. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रूथ लँडिस 1938 साली बाहियात, म्हणजे साल्व्हादोरच्याच प्रांतात, गेल्या आणि तिथे बायकांचं राज्य आहे असं लिहून आल्या. गादीवर बाई बसली की झालं का सगळं?

अनंत: ढोलाचा इथे काय संबंध?

रेवा: तुम्हाला नसेल. मी रडत परतले होते.

अनंत: बरं. पण गुलामांनी जीव मुठीत धरून जपलेल्या परंपरेवर आजचे बाहेरचे विचार लादायचे का?

मेधा: बाहेरचे? 1591 मध्ये, याच साल्व्हादोरात, काँगोकडून आणलेल्या एका गुलामाविरुद्ध इन्क्विझिशनकडे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाकडे, तक्रार गेली, कारण पुरुषाचे कपडे घालायला नकार. आज तिला शिका मानिकोंगो म्हणतात. तेव्हा तुमच्या जुन्यातल्या जुन्या तेरेइरोचा पायाही घातला नव्हता. आणि ओरिशा, म्हणजे देव, बसतो तो डोक्यावर, 'ओरी'वर. लुगड्याखाली काय आहे ते तो बघत नाही.

अनंत: शिकाचं ठाऊक नव्हतं, ते मान्य. घागऱ्याचा निर्णय मात्र त्या घरानंच घ्यावा.

मेधा: दुसऱ्या घरानं घेतला. तिथल्या मांय दे सांतोनं, म्हणजे मुख्य पुजारिणीनं, माझ्या शेजारणीला पांढरा घागरा स्वतःच्या हातानं घातला. पहिल्या घरातलं कुणी अजून तिच्याशी बोलत नाही.

रेवा: आणि तिथे ढोल कोण वाजवतं?

मेधा: ओगांच.