गाईचा मिथेन : ढेकर, उत्सर्जन की उद्गार?

शब्दवेडी : न्यूझीलंडमधील गुरे आणि मेंढ्या यांच्यापासून निघणारा मिथेन हा वातावरण तापवणारा वायू कमी करण्याविषयीचा एक लेख मी मराठीत आणत आहे. 'गाय ढेकर देते आणि त्यावाटे मिथेन हवेत जातो' हे माझे वाक्य संपादकांनी खोडून तेथे 'गोवंशाचे मिथेन उत्सर्जन' असे घातले. शाळेत आपण जी उत्सर्जन संस्था शिकलो ती मूत्रपिंडांची, त्यामुळे हे शब्द वाचताच डोळ्यांसमोर शेण आणि मूत येते. माझ्या वडिलांनी मसुदा वाचून 'मग ते लोक गोबरगॅस का बांधत नाहीत?' असेच विचारले. प्रत्यक्षात रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात तयार होणारा बहुतेक सगळा मिथेन तोंडानाकावाटे बाहेर पडतो. उत्सर्जनाला दुसरा शब्द आहे का?

काटेकोर : उत्सर्जन म्हणजे सोडून देणे, आणि हा शब्द मोटारीच्या धुरासाठी पक्का रुळलेला आहे. मोटारीला जो चालतो तो गाईला का चालू नये? ढेकर जेवणाच्या पंगतीत शोभतो, शास्त्रीय लेखात नव्हे. मात्र संपादकांचा 'गोवंश' साफ चुकला आहे, कारण मेंढी त्यात बसत नाही.

माणदेशी : मेंढी 'गुरे' या शब्दातही बसत नाही. आमच्याकडे गुरे म्हणजे गाय, बैल आणि म्हैस. मेंढरे वेगळी मोजतात आणि सगळी मिळून 'जित्राब' होते. 'ढेकर' शब्दाला माझी हरकत नाही; ओला लसूणघास खाऊन जनावर फुगते तेव्हा वारा वर सरत नाही म्हणून किती धावपळ होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ढेकराची किंमत कळते.

वैद्यघरची : आयुर्वेदात ढेकराला 'उद्गार' म्हणतात, आणि 'उद्गारशुद्धी' हे अन्न नीट पचल्याचे एक लक्षण मानले आहे. आतून वर येऊन बाहेर पडणे हा नेमका अर्थ त्यात आहे. 'मिथेनचा उद्गार' असे लिहिण्यास काय हरकत आहे?

काटेकोर : 'न्यूझीलंडमधील गाईंचे उद्गार' असे शीर्षक वाचून गाई काय म्हणाल्या, हे शोधत वाचक शेवटपर्यंत जाईल.

शब्दवेडी : हसू आले, पण माझी पुढची अडचण तीच आहे. तेथील सरकारने 2003 मध्ये या विषयावरील संशोधनासाठी शेतकऱ्यांकडून निधी घेण्याचे ठरवले, तेव्हा विरोधकांनी त्याला पादण्यावरचा कर ठरवले आणि एका खासदाराने संसदेच्या पायऱ्यांवर ट्रॅक्टर चढवला. पुढे 2022 मध्ये जनावरांच्या मिथेनवर आकारणी करण्याचा प्रस्ताव आला, तो वृत्तपत्रांनी ढेकरावरचा कर म्हणून गाजवला, आणि 2024 मध्ये नव्या सरकारने तो बेत सोडला. म्हणजे त्यांच्या भाषेतही वारा योग्य दाराने बाहेर काढायला दोन दशके लागली. या दोन्ही टोपणनावांचे भाषांतर 'उत्सर्जन-कर' असे केले, तर हा सगळा विनोदच नाहीसा होतो.

गुरांचा डॉक्टर : ढेकरही पूर्ण बरोबर नाही. गाय माणसासारखी आवाज करून ढेकर देत नाही. वर आलेला बराचसा वायू ती पुन्हा फुप्फुसात ओढते आणि मग श्वासावाटे सोडते. परंतु खरी चूक सरकारी कागदांतील 'आंत्रिक किण्वन' या जोडशब्दात आहे, कारण आंत्र म्हणजे आतडे, आणि हे काम मुख्यतः त्याच्या कितीतरी आधी, कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात होते. तेथे सूक्ष्मजीव चारा आंबवतात, त्यातून हायड्रोजन सुटतो, आणि आर्किया नावाचे जीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात. चाऱ्यातील ऊर्जेपैकी 2 ते 12 टक्के अशी वाया जाते. म्हणून मी सरळ 'कोटीपोटातील आंबवण' म्हणतो.

काटेकोर : आंबवण हा इडलीच्या पिठाचा शब्द झाला. किण्वन संस्कृतातून आलेला नेमका शब्द आहे.

गुरांचा डॉक्टर : इडलीच्या पिठात जे घडते त्याचे भावंडच येथे घडते, म्हणून तर तो शब्द हवा. मिथेन बनण्याची शेवटची पायरी अडवणारी एक भुकटी निघाली आहे. दुभत्या गाईंचा मिथेन तिने सुमारे 30 टक्क्यांनी उतरतो आणि युरोपीय संघाने तिला 2022 मध्ये परवानगी दिली. न्यूझीलंडची जनावरे बहुतांशी कुरणात चरतात, प्रत्येक घासाबरोबर भुकटी कशी देणार? म्हणून तेथे कमी मिथेन सोडणाऱ्या मेंढ्या निवडून त्यांची पैदास करण्यावर भर आहे. आपल्याकडे मात्र ती गोठ्यात देतात त्या खुराकात, म्हणजे आंबोणात, सहज मिसळता येईल.

वैद्यघरची : आंबोण हा शब्द आंबवण्यावरूनच आला ना? भिजवून आंबवलेले ते आंबोण. म्हणजे गाईच्या पोटातील क्रियेला शब्द आपल्या गोठ्यातच होता!

माणदेशी : आमची आजी आंबोण चुलीवर शिजवत असे आणि आंबट वास आला तर ते उकिरड्यावर टाकत असे. आंबवण्याचा काय संबंध?

वैद्यघरची : आपल्या आजी शिजवत असत म्हणून मूळ शब्द शिजवण्याचा ठरत नाही. व्युत्पत्ती चुलीवर ठरत नसते.

शब्दवेडी : मजकूर उद्या सकाळी द्यायचा आहे. उत्सर्जन ठेवू की ढेकर?

माणदेशी : ताई, तुम्हाला जे रुचेल ते ठेवा. पण वैद्यघरच्यांनी एवढे सांगावे, की सरकी भिजवून तशीच पुढ्यात ठेवली, तर ते आंबोण होते की नाही?