४ टीबीचा मिरर ८ टीबीवर न्यायचा आहे, आत बाबांच्या कॅसेट आहेत

कॅसेटघर:
माझ्याकडे दोन खणांचा डिस्क बॉक्स आहे, यूएसबीने जोडलेला. आत ४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १ मध्ये, म्हणजे मिरर, दोन्हींवर तेच. कॉम्प्युटर ३.६३ टीबी दाखवतो आणि त्यातले आता जेमतेम २०० जीबी उरलेत. बाबांच्या ४०० कॅसेट आहेत त्यात, ९० मिनिटांची एकेक. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला घेतल्या, तासाला साधारण २ जीबी पडले, तेव्हा त्यांचाच सव्वा टीबी झाला. बाकीचं सगळं व्हिडिओ.

कॅसेट घेताना बऱ्याच फितींचा थर सुटत होता, हेडवर तपकिरी भुकटी जमायची. त्या पुन्हा वाजणार नाहीत. म्हणून अंदाजाने काही करायची माझी तयारी नाही.

८ टीबीच्या दोन डिस्क आणल्या आहेत. बेत असा: एक जुनी काढायची, नवी घालायची, बॉक्सला रिबिल्ड करू द्यायचं (उरलेल्या डिस्कवरचं नवीवर उतरवू द्यायचं), मग दुसरीचंही तसंच. बरोबर आहे का? आणि शेवटी जागा आपोआप वाढते का?

रात्रपाळी:
मी माझ्या एनएएसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर, अगदी असंच केलं. दोन रात्री लागल्या, शेवटी व्हॉल्यूम (वापरायची जागा) वाढवायचा पर्याय निवडला आणि झालं. करून टाका.

तबकडी:
थांबा, एनएएसची गोष्ट वेगळी. त्यात ॲरे, म्हणजे डिस्कचा जोडलेला संच, वाढवणारं सॉफ्टवेअर असतं. साध्या दोन खणांच्या यूएसबी बॉक्समध्ये बहुतेक वेळा नसतं. दोन्ही डिस्क बदलून झाल्या तरी ॲरे जन्माला आला तेव्हाच्या मापाचाच राहतो, ४ टीबी, आणि उरलेली अर्धी डिस्क नुसती पडून.

पण मला जास्त काळजी मधल्या वेळाची वाटते. एक जुनी डिस्क बाहेर काढली की सगळा भार दुसरीवर. बॉक्सला फाइली कळत नाहीत, तो पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचतो. सेकंदाला १५० एमबी धरले तरी साडेसात तास, ज्या डिस्कला इतकी वर्षं एवढं सलग वाचन कधी करावं लागलं नाही तिला. दोन्ही डिस्क एकदम घेतलेल्या असल्या तर त्यांचं वयही एकच. आणि माझ्यावर गुदरलेलं सांगतो: एका बॉक्समध्ये मी भरलेली डिस्क आणि कोरी डिस्क घातली, खण उलटे झाले, बॉक्सने कोऱ्या डिस्कवरून भरलेलीवर रिबिल्ड सुरू केलं. ११ वर्षांचे फोटो होते. काही परत आले, बरेच नाही.

तुमच्यासाठी मी असं करेन. तिसरी डिस्क घ्या, ८ टीबीची. ती वेगळ्या डॉकमध्ये (सुटी डिस्क जोडायच्या स्टँडमध्ये) लावा आणि मिररवरून तिच्यावर साधी कॉपी करा. मिररला हात लावायचा नाही. कॉपी जुळली की बॉक्स बंद करून दोन्ही जुन्या डिस्क एकदम, जोडीने बाहेर काढा. चिकटपट्टीवर सीरियल नंबर आणि खण क्रमांक लिहून त्यांना लावा. मग बॉक्समध्ये दोन्ही नव्या डिस्क, नवा मिरर, जीपीटी पार्टिशन (मोठ्या डिस्कला चालणारी विभागणी), फॉरमॅट, आणि तिसऱ्या डिस्कवरून सगळं परत आत. या सगळ्यात एकही क्षण असा नाही की डेटा एकाच डिस्कवर आहे. जुनी जोडी तर जशीच्या तशी राहते, काही बिनसलं तर पुन्हा तिच्या खणांत बसवा.

बॉक्सच्या मागे रेडचा मोड बदलायचा स्विच असेल, तर जुन्या डिस्क आत असताना त्याला बोट लावू नका. मोड बदलला की बहुतेक बॉक्स डिस्क पुसून नव्याने सुरुवात करतात. बॉक्स ८ टीबीची डिस्क ओळखतो का, हेही आधी त्याच्या माहितीपत्रकात पाहा. जुन्या बॉक्सच्या चिपना मर्यादा असतात.

कॅसेटघर:
जागा वाढत नाही हे मला कळलंच नसतं, फार आभार. पण तिसरी डिस्क टाळता येईल का? एक जुनी डिस्क डॉकमध्ये लावून तिच्यावरूनच कॉपी केली तर?

तबकडी:
कधी चालतं, कधी नाही. काही बॉक्स डिस्कवर स्वतःची माहिती लिहितात, काही सेक्टरचं माप बदलून दाखवतात, काही आतल्या आत एन्क्रिप्ट करतात. अशी डिस्क बाहेर लावली की ‘फॉरमॅट करू का?’ असा प्रश्न येतो, आणि घाबरलेला माणूस ‘हो’ दाबतो. शिवाय तिसरी डिस्क वाया जात नाही, तोच तुमचा बॅकअप. मिररवर चुकून फाइल पुसलीत तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी जाते.

कॉपीआधी सगळ्या फाइलींचे हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारे ठसे, काढून यादी करा. दोनदा काढा. बॉक्स वाचताना दोन प्रती ताडून बघत नाही, एकीवरून वाचून देतो. त्या कधी गुपचूप वेगळ्या झाल्या असतील तर दोन याद्यांत दिसू शकेल.

साखळी:
एक पुरवणी. लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड किंवा झेडएफएस (मिरर स्वतःच सांभाळणारी फाइल व्यवस्था) असेल तर तिसरी डिस्क चालू मिररलाच जोडता येते: आधी तीन प्रती, मग जुनी एक सोडवायची. तिथे एकेक बदलणं सुरक्षित आहे. या बॉक्सला ते लागू नाही.

कॅसेटघर:
झालं. तिसरी डिस्क आणली.

हॅशच्या दोन याद्या ताडल्या तर तीन फाइली जुळल्या नाहीत. त्याच फाइली, दोन वेळा दोन वेगळे हॅश. तिन्ही एकाच संध्याकाळच्या, त्या दिवशी कॉपी चालू असताना वीज गेली होती. बॉक्समध्ये टाकण्याआधी लॅपटॉपवर मी ऐकण्यासाठी त्यांच्या फ्लॅक (आवाज न बिघडवता लहान केलेल्या फाइली) केल्या होत्या. फ्लॅक फाइलीत मूळ आवाजाचा एमडी५ (एक प्रकारचा हॅश) साठवलेला असतो, त्यामुळे तपासता आलं: तिन्ही धड निघाल्या. त्या उलगडून पुन्हा वेव्ह (मूळ, न दाबलेल्या फाइली) केल्या, आणि प्रत्येकीचा हॅश दोनांपैकी एकाशी जुळला.

जाताना ३.४ टीबीला साडेसहा तास लागले, यूएसबी ३ वर. आधी चुकून यूएसबी २ च्या केबलवर लावलं होतं, तेव्हा २७ तास दाखवत होता. परत नव्या मिररवर आणून तिसऱ्यांदा यादी काढली, एकही फरक नाही. आता ७.२७ टीबी दिसतात.

कॅसेट २१७ ची दुसरी बाजू त्या तिनांत होती. बाबा त्यात माझ्या आत्याला एक ओवी पुन्हा पुन्हा म्हणायला लावतात. आज ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. जुनी जोडी चिकटपट्ट्यांसकट कपाटात आहे, तिसरी डिस्क उद्या बहिणीकडे जाते.