जळगाव जिल्ह्यातील जिनिंग आणि दालमिल: रोजगार व मजुरीचा कल काढताना कोणते आकडे ग्राह्य धरावेत?

अमळनेरची विद्यार्थिनी:

सर्वांना नमस्कार. मी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत असून जळगाव जिल्ह्यातील जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणे) आणि दालमिल या दोन उद्योगांत २०१७ नंतर रोजगार आणि मजुरी कशी बदलत गेली, यावर लघुप्रबंध लिहीत आहे. आकडे भरपूर मिळाले, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत.

केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातील बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्क्यांवर आला. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग (काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचे प्रमाण) याच काळात २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेला. माझे वडील एका जिनमध्ये हमालांचे मुकादम आहेत आणि त्यांचे म्हणणे असे की हंगाम दरवर्षी आखूड होत चालला आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात का?

दुसरी अडचण अशी की वार्षिक उद्योग पाहणीत (नोंदणीकृत कारखान्यांची सरकारी पाहणी) वस्त्रोद्योगाच्या तक्त्यात मला जिनिंग सापडतच नाही. ते पुढे दुसऱ्याच ठिकाणी सापडले, तेव्हा एकूण मजुरीला कामगारसंख्येने भागून पाहिले. दर कामगारामागचे उत्पन्न इतके कमी आले की मार्गदर्शक सरांनी बेरीज-भागाकार पुन्हा तपासायला सांगितला. तो मी तीन वेळा तपासला आहे.

निवृत्त सांख्यिकी कर्मचारी, धुळे:

ताई, तुमचा भागाकार बरोबर असावा. चुकत आहे तो भाजक, आणि तो तुमच्यामुळे चुकत नाही.

आधी जिनिंगचा पत्ता. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ मध्ये कापसाचे जिनिंग, सफाई आणि गाठी बांधणे यांना ०१६३२ हा संकेतांक आहे. सुरुवातीचे ०१ हे अंक शेतीचे आहेत, कारण पीक निघाल्यानंतरच्या प्रक्रियांत त्याची गणना होते. वस्त्रोद्योगाचा विभाग १३ सूतगिरणीपासून सुरू होतो. दालमिल मात्र १०६१३ म्हणजे अन्नपदार्थ निर्मितीत येते. याचा परिणाम मोठा आहे. श्रमबल सर्वेक्षणाच्या छापील तक्त्यात जिनमध्ये सरकी भरणारा मजूर ‘शेती’च्या रकान्यात बसतो आणि त्याच रस्त्यावर पलीकडच्या दालमिलमध्ये पोती उचलणारा त्याचा भाऊ ‘कारखानदारी’त बसतो. शेतीतील रोजगार वाढला असे वाचून आपण शेताकडे पाहू लागतो. म्हणून तयार तक्त्यांवर विसंबू नये; सर्वेक्षणाची मूळ व्यक्तिनिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालयाकडून विनामूल्य मिळते, तिच्यातून पाचअंकी संकेतांक वेगळा काढावा.

आता तुमचा भाजक. वार्षिक उद्योग पाहणीत ‘कामगारांची सरासरी संख्या’ काढताना कामाचे एकूण मनुष्यदिवस हे कारखाना जितके दिवस चालला तितक्या दिवसांनी भागले जातात, वर्षाच्या दिवसांनी नव्हे. समजा, एक जिन १०० दिवस चालला आणि रोज ६० माणसे होती. मनुष्यदिवस ६,०००, सरासरी कामगार ६०. शेजारची दालमिल ३०० दिवस चालली आणि तिथेही ६० माणसे होती. मनुष्यदिवस १८,०००, सरासरी कामगार पुन्हा ६०. दोन्हीकडे रोज ५०० रुपये मजुरी धरली तर जिनची वार्षिक मजुरी ३० लाख आणि दालमिलची ९० लाख होते. दर कामगारामागे जिनला ५० हजार, दालमिलला दीड लाख. मजुरीचा दर एकच असताना एक उद्योग दुसऱ्याच्या तिप्पट ‘चांगला’ दिसू लागला. तुम्ही दर मनुष्यदिवसामागची मजुरी काढा आणि मनुष्यदिवस स्वतंत्रपणे मांडा. वडील म्हणतात तो आखूड हंगाम तुम्हाला दुसऱ्या रकान्यात दिसेल. पहिल्या रकान्यात तो कधीच दिसणार नाही.

बेरोजगारीचा दर आणि वडिलांचे म्हणणे, दोन्ही खरे असू शकतात. तुम्ही दिलेले आकडे ‘सर्वसाधारण स्थिती’चे, म्हणजे मागच्या वर्षभरातील कामावरून ठरवलेले आहेत. या व्याख्येत ज्याचे मुख्य काम नाही त्यानेही वर्षभरात तीस दिवस किंवा अधिक काळ दुय्यम काम केले असेल तर तो रोजगारात मोजला जातो. ‘चालू साप्ताहिक स्थिती’त तर आठवड्यात कोणत्याही एका दिवशी एक तास काम पुरते. शिवाय घरच्या शेतात किंवा दुकानात विनामोबदला हातभार लावणारी व्यक्तीही स्वयंरोजगारितच धरली जाते. २०२३-२४ मध्ये देशातील काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारित होते आणि नियमित पगारदार २१.७ टक्के. आमच्या सेवेच्या काळात आम्ही गावोगाव विचारत असू, ‘बाई काय करतात?’ घरातले पुरुष उत्तर देत, ‘काही नाही, घरीच असते,’ आणि बाई त्याच वेळी ओट्यावर बसून मिरच्यांची देठे खुडत असत. प्रश्न नीट खोदून विचारला की ‘घरीच’चे ‘कामात’ होते. ४१.७ टक्क्यांपर्यंतच्या वाढीत नवे काम किती आणि आधी न मोजलेले काम किती, हे वेगळे केल्याशिवाय त्या आकड्यावर निष्कर्ष उभारू नये, असे माझे मत आहे.

आणखी एक. नमुना सर्वेक्षणाच्या विभागणीत जळगाव, धुळे आणि नंदुरबार यांच्याबरोबर नाशिक जिल्हाही एकाच विभागात येतो. नाशिकच्या कारखानदारीचे वजन इतके आहे की विभागाचा आकडा खानदेशचा म्हणून वापरणे धाडसाचे ठरेल. जानेवारी २०२५ पासून बहुतेक राज्यांत जिल्हा हा नमुन्याचा मूळ स्तर झाला आहे, पण त्याच वेळी नमुन्याची पद्धतही बदलल्यामुळे आधीच्या मालिकेशी त्याची थेट रेघ जोडता येत नाही.

जळगाव एमआयडीसीतील लेखापाल:

वरील उत्तर उत्तम आहे. मी फक्त भविष्य निर्वाह निधीच्या आकड्यांबद्दल लिहितो, कारण दर महिन्याला ते चलान भरणे हेच माझे काम आहे आणि वर्तमानपत्रांत त्या आकड्यांचा अर्थ सर्रास चुकीचा लावला जातो.

ही आकडेवारी २०१८ पासून प्रसिद्ध होते आणि ती निव्वळ भर दाखवते, म्हणजे नवे सदस्य अधिक परत आलेले सदस्य, वजा सोडून गेलेले. कायदा वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला लागू होतो. एका दालमिलमध्ये वर्षानुवर्षे एकोणीस माणसे पटावर होती (एकोणीसच का, हे सुज्ञांस सांगणे न लगे). विसावा माणूस आला त्या महिन्यात त्या मिलमधून वीस नवी नावे नोंदली गेली. नोकरी एकालाच लागली होती.

दुसरा मुद्दा ठेकेदाराचा. आमच्याकडील भरणी-उतराईची माणसे ठेकेदारामार्फत येतात. त्यांचा निधी ठेकेदाराच्या संकेतांकावर जमा होतो आणि मनुष्यबळ पुरवणारे ठेकेदार या आकडेवारीत ‘तज्ज्ञ सेवा’ या गटात दाखवले जातात. डाळीची पन्नास किलोची पोती पाठीवर वाहणारा माणूस तज्ज्ञ सेवेत! ठेकेदाराची नोंदणी परजिल्ह्यात किंवा परराज्यात असेल तर तो माणूस आपल्या जिल्ह्यातूनही नाहीसा होतो. उद्योग पाहणीत मात्र ठेका कामगारांचा रकाना वेगळा असतो, तो जरूर पाहावा.

पगाराचा कल या आकड्यांतून काढण्याचा प्रयत्न करू नये. १ सप्टेंबर २०१४ पासून वेतनमर्यादा १५ हजार रुपये आहे आणि अनेक ठिकाणी प्रत्यक्ष पगार काहीही असला तरी अंशदान त्या मर्यादेपुरतेच भरले जाते.

शहाद्याचा शिक्षक:

विषय जळगावचा असला तरी एक गोष्ट नोंदवतो. आमच्या भागातून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. त्या महिन्यांत सर्वेक्षक पाड्यावर आला तर त्याला कुलूप दिसते आणि त्या घराऐवजी दुसरे घर निवडले जाते. उरलेल्या घरांचा रोजगार मोजून आपण गावाचा रोजगार मोजला असे समजतो. जिनमधील मजुरांतही बाहेरगावचे किती, हे तपासावे.

अमळनेरची विद्यार्थिनी:

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. मनुष्यदिवसांनी भागल्यावर जिनिंगची मजुरी दालमिलच्या बरीच जवळ आली. बाहेरगावच्या मजुरांबद्दल वडिलांना विचारले, तेव्हा त्यांनी माळ्यावरून हजेरीच्या वह्या काढून दिल्या. एका पानावर असे आहे: ‘गाठी ४२, माणसे ६, रात्रपाळी, चहा मालकाकडून.’ दर दिवसाचा नाही, गाठीचा आहे. हे पाहणीच्या आकड्यांशी कसे जोडावे? आणि महागाई कोणत्या निर्देशांकाने वजा करावी?

निवृत्त सांख्यिकी कर्मचारी, धुळे:

या वह्या जपून ठेवा, त्यांची छायाचित्रे आजच काढा. गाठीचा दर गुणिले गाठी, भागिले माणसे, असे केले की त्या दिवसाची माणशी मजुरी मिळते. एका जिनवरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढता येणार नाही, परंतु पाहणीतील दर मनुष्यदिवसाच्या मजुरीची दिशा आणि वहीतील दिशा एक आहे का, हे ताडून पाहता येईल.

दिशा वेगळी निघाली तर लगेच पाहणीला दोष देऊ नका, आधी मजुरांचा मेळ पाहा. कापूस तंत्रज्ञान अभियान २००० साली सुरू झाले, त्यातून जिनांचे आधुनिकीकरण झाले आणि टोपल्यांनी कापूस वाहून नेण्याचे स्त्रियांचे काम पट्ट्यांनी व हवेच्या नळ्यांनी घेतले. समजा, ४० स्त्रिया ३०० रुपयांवर आणि २० पुरुष ५०० रुपयांवर होते. सरासरी सुमारे ३६७ रुपये. त्यांतील ३० स्त्रियांचे काम गेले, तर सरासरी सुमारे ४३३ होते. कोणाच्याही हातात एक रुपया जास्त पडलेला नाही. पाहणीत थेट नेमलेल्या स्त्री-पुरुषांची संख्या वेगवेगळी दिलेली असते, ती शेजारी ठेवूनच मजुरीचा रकाना वाचावा.

महागाईसाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक वापरावा. त्याची सप्टेंबर २०२० पासूनची मालिका २०१६ = १०० या पायावर आहे आणि त्याआधीची २००१ च्या पायावर, त्यामुळे नव्या आकड्यांना जोडगुणकाने गुणून मगच जुन्या आकड्यांशी जोडावे; अखिल भारतीय निर्देशांकासाठी तो २.८८ आहे, एखाद्या केंद्राचा आकडा घेतल्यास त्या केंद्राचा गुणक वापरावा. केंद्र सरकारच्या श्रम ब्युरोच्या या मालिकेत खानदेशातील एकही केंद्र नाही. सर्वांत जवळचे नाशिक. तेच घ्या आणि घेतल्याचे तळटीपेत लिहा.

वह्या कोणत्या सालापासून आहेत, ते कळवावे.

अमळनेरची विद्यार्थिनी:

२००९ पासून. मधल्या दोन हंगामांच्या नाहीत, तेव्हा वडील दालमिलमध्ये होते.