प्रतिसाद: क्लॉपचं मूळ माइन्झमध्येच

‘गेगनप्रेसिंग (चेंडू गमावताच तो परत मिळवायला लगेच दबाव टाकणं) डॉर्टमुंडमध्ये जन्मलं’, म्हणजे क्लॉप पुढे ज्या जर्मन क्लबचा प्रशिक्षक झाला तिथे, हे विधान पटत नाही. जर्मन फुटबॉल प्रशिक्षक युर्गन क्लॉप १९९० ते २००१ माइन्झ या जर्मन क्लबकडून खेळला, तेही दुसऱ्या बुंडेसलिगात (जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीत). आधी आघाडीला, मग बचावात. ३२५ सामने, ५२ गोल. १९९५ मध्ये प्रशिक्षक वोल्फगांग फ्रांक आले. त्यांनी लिबेरो (बचावफळीच्या मागे मोकळा राहणारा बचावपटू) काढून चौघांची सरळ बचावफळी आणली आणि माणसाऐवजी जागा राखायला शिकवलं. क्लॉपचं खरं शिक्षण हेच.

गेगनप्रेसिंगमध्ये चेंडू गेला की जवळचे तिघे-चौघे लगेच तुटून पडतात, बाकीचे पासच्या वाटा अडवतात. पाचेक सेकंदांत चेंडू मिळाला नाही तर मागे येऊन रचना सावरायची. बिघडतं ते बचावफळी वर सरकली नाही की. मधे मोकळं मैदान पडतं, एका पासात सगळं उघडं.

फेब्रुवारी २००१ मध्ये क्लॉप माइन्झमध्येच थेट खेळाडूचा प्रशिक्षक झाला, संघ पदावनतीतून वाचला. पुढे २००२ मध्ये पहिल्या श्रेणीत बढती एका गुणाने हुकली, २००३ मध्ये एका गोलच्या फरकाने (बढतीच्या शर्यतीतल्या फ्रँकफुर्टने रॉइटलिंगेनला ६-३ हरवलं, तेही अगदी शेवटच्या क्षणांत!). २००४ मध्ये मात्र फक्त ५४ गुणांवर जमलं.